हातात चिप बसवायची आहे? आधी कुलूप बघा

माझ्या डाव्या हातात, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात, दार उघडणारी एक चिप आहे. बोटानं दाबलं की कातडीखाली काडीचा तुकडा सरकल्यासारखं लागतं. इथे स्वीडनमध्ये गोथेनबर्गला गणपतीत किंवा दिवाळीच्या फराळाला चार मराठी घरं जमली की कुणीतरी ती दाबून बघतंच. मग आठवडाभरात फोन येतो, "मलापण बसवायचीय, कुठे टोचतात?"

कुठे टोचतात हा अगदी शेवटचा प्रश्न. त्याच्या आधीचे चार-पाच प्रश्न मला कुणी सांगितले नव्हते, आणि त्यापायी मी भलतीच चिप मागवायच्या बेतात होतो. दरवेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

स्वीडनमध्ये याचं फारसं कुणाला नवल वाटत नाही. स्टॉकहोमच्या एपिसेंटर या सामायिक ऑफिसांच्या इमारतीत २०१५ पासूनच लोक हातातल्या चिपनं दारं उघडू लागले, प्रिंटर चालवू लागले. २०१७ मध्ये एसजे या रेल्वे कंपनीनं चिपवर तिकीट तपासायला सुरुवात केली. चिपमध्ये तिकीट नसायचं, नुसता सभासद क्रमांक असायचा. टीसी फोननं तो वाचून तिकीट शोधायचा. मुळात हा प्रकार त्याहून जुना आहे. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या केविन वॉरिक यांनी १९९८ मध्येच दंडात चिप घालून घेतली होती, ते खोलीत शिरले की दिवे लागायचे. नऊ दिवसांनी त्यांनी ती काढून टाकली.

१. ही वस्तू नेमकी काय आहे

काचेची बंद नळी, साधारण २ मिलिमीटर जाड आणि १२ ते १४ मिलिमीटर लांब. सगळे तांदळाच्या दाण्याची उपमा देतात. तांदूळच म्हणायचा तर तो आंबेमोहोर नव्हे, शिजलेली बासमती. आत तांब्याच्या तारेचं बारीक वेटोळं आणि एक चिप. बॅटरी नाही. वाचणारं यंत्र जवळ आलं की त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून वेटोळ्याला वीज मिळते, तेवढ्यापुरती चिप जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि पुन्हा गप्प होते. 'जवळ' म्हणजे एक-दोन सेंटीमीटर, बऱ्याचदा हात टेकवावाच लागतो.

त्यामुळे "उपग्रहावरून तू कुठे आहेस ते कळत असेल ना?" याचं उत्तर नाही. २०१६ मध्ये २००० च्या नव्या नोटेत नॅनो चिप असल्याची अफवा आठवते? जमिनीखाली पुरलेली नोटसुद्धा सापडणार होती म्हणे. शेवटी रिझर्व्ह बँकेला तसं काही नाही म्हणून सांगावं लागलं. माझ्या आईनं मात्र नोटेचा नाही, गायीचा दाखला दिला. "आपल्या गायीच्या कानाला बारा आकडी पिवळा बिल्ला मारलाय, तसंच का रे हे?" खरं तर आईचा दाखला बराच बरोबर आहे. गायीच्या बिल्ल्यावरही नुसता क्रमांक असतो, बाकीची माहिती सरकारी संगणकात. माझ्या हातातही मुख्यतः क्रमांकच आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. चिप तुमचा माग काढत नसली तरी दार काढतं. किती वाजता कुठल्या क्रमांकानं दार उघडलं, याची नोंद दाराच्या यंत्रणेत राहते, जशी ती ऑफिसच्या कार्डाचीही राहते.

२. आधी कुलूप, मग किल्ली

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि नेमकी हीच लोक वगळतात. चिप ही किल्ली आहे. ती कुठल्या कुलपाला लावायची हे ठरलं नसेल तर हाताला भोक पाडून काही मिळत नाही.

एका कागदावर तुमची तीन दारं लिहा: इमारतीचं, ऑफिसचं, जिमचं किंवा सायकल ठेवण्याच्या खोलीचं. प्रत्येकाचं कार्ड किंवा टॅग हातात घ्या आणि एनएफसी (टेकवून कार्ड वाचण्याची सोय) असलेल्या फोनच्या पाठीला लावा. फोनमध्ये 'एनएफसी टूल्स'सारखं एखादं ॲप टाकून ठेवा. फोननं प्रतिसाद दिला तर ते कार्ड १३.५६ मेगाहर्ट्झचं. फोन ढिम्म राहिला तर बहुधा १२५ किलोहर्ट्झचं. या दोन जाती एकमेकींशी बोलत नाहीत. मी परस्पर समजून बसलो होतो की आमचं दार १२५ वालं असणार, आणि तीच चिप खरेदीच्या टोपलीत टाकली होती. पैसे भरायच्या आदल्या रात्री सहज टॅग फोनला लावला, तर टिंग वाजलं.

पुढचा प्रश्न, त्या कुलपाला तुमची चिप ओळखायला कशी लावायची? रस्ते दोन. एक, चिपचा क्रमांक यंत्रणेत नोंदवून घेणं. दुसरा, जुन्या कार्डाची नक्कल चिपवर उतरवणं. पहिला रस्ता केव्हाही चांगला, पण त्याला इमारत सांभाळणाऱ्यांची परवानगी लागते. सरळ ईमेल करा. आमच्याकडच्या बाईंनी दोन आठवडे विचार केला आणि एका ओळीत उत्तर पाठवलं, की टॅग कुठे ठेवायचा हा तुमचा प्रश्न आहे.

नक्कल सगळ्याच कार्डांची होत नाही. बँकेचं कार्ड दर व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करतं, त्याची गुपित चावी बाहेर येतच नाही. डेसफायर या सुरक्षित जातीच्या कार्डांचंही तसंच. "मेट्रोचं कार्ड हातात घालून देतो" असं कुणी म्हणालं तर निघून या.

३. महिना-दोन महिने अंगठी घालून बघा

बाजारात त्याच चिपा असलेल्या अंगठ्या आणि स्टिकर मिळतात. टोचण्याआधी ते वापरा. मी स्टिकर चिकटपट्टीनं डाव्या हातावर, चिप बसणार होती तिथेच लावून हिंडलो. पहिल्याच आठवड्यात कळलं की आमच्या दाराचं यंत्र उजव्या बाजूला आहे, डाव्या हातात किराण्याची पिशवी असते, आणि तो हात पुढे करायचा तर आख्खं वळावं लागतं. तरीही मी डावाच हात ठेवला, कारण बॅडमिंटन उजव्या हातानं खेळतो. निदान पिशवी आता उजव्या हातात असते.

महिन्याभरात स्टिकरचा कंटाळा आला तर चिपचाही येईल. मग टोचून घेऊ नका.

४. चिपची निवड

नव्या माणसानं यातलं बघावं:

- एनटॅग २१६: १३.५६ मेगाहर्ट्झ, फोननं वाचता-लिहिता येते, ८८८ बाइट जागा. घरच्या स्मार्ट कुलपाला, वेबदुव्याला ठीक.
- टी५५७७: १२५ किलोहर्ट्झ, जुन्या साध्या कार्डांची नक्कल उतरवायला. फोनला ती दिसतच नाही.
- एकाच नळीत दोन्ही: माझी ही आहे. पैसे थोडे जास्त जातात, पण घर बदललं तर निदान एक बाजू उपयोगी पडायची शक्यता राहते.

आणखीही प्रकार आहेत, दिवा लागणारे, मायफेअर क्लासिक या जुन्या जातीच्या कार्डाची नक्कल करणारे. त्यांच्या वाटेला नंतर जा.

दोन सापळे सांगतो. पहिला, कुत्र्या-मांजरांची चिप स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. ती १३४.२ किलोहर्ट्झची असते, तुमचं कुठलंच दार तिला ओळखणार नाही. शिवाय प्राण्यांच्या चिपवर बहुतेक वेळा मांस धरून ठेवणारा लेप असतो, म्हणजे पुढे काढायची म्हटली तर त्रास. माणसांसाठीच्या चांगल्या चिपची काच गुळगुळीत ठेवतात, ती सहज निघावी म्हणून. दुसरा सापळा, कुठल्याही बाजारपेठेवरची निनावी 'काचेची चिप'. ती निर्जंतुक केलेली आहे की नाही, काच कसली आहे, काही कळायला मार्ग नसतो. सुईत आधीच भरलेली, निर्जंतुक पाकिटात बंद, वर मुदतीची तारीख छापलेली, अशीच घ्या.

५. काय काय जमवून ठेवायचं

- ओळखपत्र. टोचणारा वय तपासतो.
- चिपसोबत आलेलं माहितीपत्रक. एक प्रत फोनमध्येही ठेवा, पुढे एमआरआयच्या वेळी लागेल.
- इमारतीची किंवा ऑफिसची लेखी परवानगी. ईमेलही चालतो.
- चालू औषधांची यादी. रक्त पातळ करणारी गोळी, ताब्यात नसलेला मधुमेह, जखमेवर गाठीसारखे वण उठण्याची प्रवृत्ती, पेसमेकर यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, नंतर नाही.
- एनएफसी असलेला फोन. १२५ वाली बाजू लिहायची असेल तर प्रॉक्समार्क हे कार्ड वाचायचं-लिहायचं यंत्र, किंवा ते असलेला मित्र.

६. टोचण्याचा दिवस

हे काम इथे बहुतेक वेळा शरीरावर दागिने टोचणारे कारागीर करतात. त्यांचा हात या कामाला सरावलेला असतो. दुकान निवडताना एवढंच बघा: आधी चिप बसवल्या आहेत का, आणि पाकीट तुमच्यासमोर फोडतात का. भुलीचं इंजेक्शन देणं हे डॉक्टरचं काम, तिथे त्याची अपेक्षा ठेवू नका.

मी गेलो तेव्हा त्या मुलीनं आधी माझा हात जंतुनाशकानं दोनदा पुसला, पेनानं दोन ठिपके काढले, एक सुई शिरण्याचा, दुसरा चिप थांबण्याचा. मग पाकिटातली चिप पाकिटासकट माझ्याच फोनला लावून वाचून दाखवली. हे तुम्ही मुद्दाम मागून घ्या. बंद पडलेली चिप आत जाण्यापेक्षा बाहेरच कळलेली बरी. सुई बघून मात्र माझं तोंड कोरडं पडलं. २ मिलिमीटरची नळी आतून जायची म्हणजे सुई तिच्याहून जाड, टोकाला तिरकी कापलेली. तिनं चिमटीत कातडी वर उचलली, "श्वास सोड" म्हणाली, आणि सुई स्नायूत नाही तर कातडीच्या खालून आडवी गेली. एक जोरदार चिमटा, मग दट्ट्या दाबताना आत काहीतरी ढकलल्याचा विचित्र दाब. दहा सेकंदं असतील. रक्ताचे दोन थेंब, वर पट्टी. लहानपणी सोनारानं कान टोचले ते आठवत नाही, पण आजीच्या हातावरच्या गोंदणाची गोष्ट मी शंभर वेळा ऐकली आहे, ती ओरडली होती आणि चार बायकांनी धरून ठेवलं होतं. तेवढं काही झालं नाही.

७. पहिला महिना

दोन दिवस हात कोरडा ठेवा. भोक बुजेपर्यंत पोहणं, सौना, भांडी घासणं बंद. शेवटचं घरात पटवून देणं अवघड जातं. दोन-तीन आठवडे जड वजन उचलू नका, कारण चिपभोवती पातळ पापुद्रा धरेपर्यंत ती जागेवरून सरकू शकते. आणि सारखी दाबून बघू नका, बाकी कुणाला दाबू देऊ नका.

तिसऱ्या दिवशी माझा हात हिरवा-पिवळा झाला आणि फोनला चिप सापडेना. मी घाबरलो. सूज असली की चिप आणि फोनमधलं अंतर वाढतं, एवढंच ते होतं. आठवड्यानं वाचली. पण लाली पसरत चालली, ठणका वाढला, पू आला किंवा ताप आला तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

८. आत काय लिहायचं, आणि कुठलं बटण दाबायचं नाही

ॲपमध्ये 'टॅग लॉक करा' असं एक निरुपद्रवी दिसणारं बटण असतं. ते दाबलंत तर एनटॅग कायमची फक्त-वाचनाची होते. परत उघडायचा उपाय नाही. मी ते दाबलं होतं, सुदैवानं चाचणीच्या स्टिकरवर. स्टिकर कचऱ्यात गेला, हात टाकून देता येत नाही. म्हणून काही लिहिण्याआधी, चिप बनवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे लॉकचा भाग सुरक्षित करून पासवर्ड लावा, आणि तो पासवर्ड कुठेतरी लिहून ठेवा.

१२५ वाल्या बाजूचा सापळा निराळा आहे. कार्डांची नक्कल करणारी स्वस्त हातयंत्रं टी५५७७ वर गुपचूप आपलाच पासवर्ड टाकून ठेवतात, मग दुसऱ्या यंत्रानं ती बदलता येत नाही. ती हाताजवळ आणूच नका. प्रॉक्समार्क वापरतानाही हात टेबलावर टेकवून, न हलवता लिहा. अर्धवट लिहिलं गेलं तर चिप रुसते.

८८८ बाइटमध्ये फोटो मावत नाही. लोक नाव-फोन-ईमेलचं संपर्क कार्ड टाकतात. अँड्रॉइड ते उघडतो, आयफोन मात्र ॲपशिवाय ते दाखवत नाही, वेबदुवा दाखवतो. म्हणून स्वतःच्या पानाचा दुवा टाका, मजकूर हवा तेव्हा त्या पानावर बदलता येतो. २०२१ च्या डिसेंबरात एपिसेंटरमधल्या एकानं हात फोनला लावून त्यावर कोविड लसीचं प्रमाणपत्र उघडून दाखवलं होतं, ते जगभर फिरलं आणि लसीतूनच चिप घालतात या अफवेला उगाच खतपाणी मिळालं.

आधार, पॅन, पर्सननुमर (स्वीडनचा नागरी ओळख क्रमांक), पासवर्ड यातलं काहीही आत ठेवू नका. हात फोनला लागला की कुणीही वाचू शकतं. नुसता क्रमांक बघणारी कुलपंही फसवता येतात, कारण क्रमांकाची नक्कल करणारी कार्डं मिळतात. तिजोरीला ही किल्ली लावू नका.

९. यंत्राला हात सापडेना

हे सगळ्यांचं होतं. कार्डातलं वेटोळं सपाट आणि मोठं असतं, तुमचं नळीतलं, उभं आणि इवलंसं. यंत्राच्या मधोमध हात लावला तर काहीच होत नाही. त्याच्या कडेला लावा, आणि नळी त्या कडेला काटकोनात येईल असा हात वळवा. फोनचंही तसंच: आयफोनमध्ये वरची कड, अँड्रॉइडमध्ये बहुतेक कॅमेऱ्याच्या आसपास. प्रत्येक दाराची एक जागा असते, एकदा सापडली की तिथे पेन्सिलीनं बारीक खूण करून ठेवा. आमच्या दारावरची माझी खूण सफाईवाल्यानं तीनदा पुसली, आता ती जागा माझ्या अंगवळणी पडली आहे.

१०. पैसे, एमआरआय, विमानतळ

पैसे देणारी चिपही निघाली आहे, वॉलेटमॉर कंपनीनं ती २०२१ मध्ये बाजारात आणली. ती काचेची नळी नसते, लांबट चपटी पट्टी असते, आणि बँकेच्या कार्डासारखी तिचीही मुदत संपते. मुदत संपली की कार्ड कात्रीनं कापतो, हिचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी घेतली नाही. बँक-आयडी, म्हणजे इथलं डिजिटल ओळखपत्र, चिपवर चालत नाही. भारतात तर यूपीआयचा क्यूआर फोननं स्कॅन करायचा असतो, तिथे हात पुढे करून काही होणार नाही.

एमआरआयच्या आधी तंत्रज्ञाला आठवणीनं सांगा आणि ते माहितीपत्रक दाखवा, निर्णय त्यांचा. विमानतळाच्या चौकटीतून मी अनेकदा गेलो, कधी वाजली नाही. काढायची झाली तर डॉक्टर जागा बधिर करून छोटा छेद घेतात आणि नळी ढकलून बाहेर काढतात. घरी ब्लेडचे प्रयोग नकोत.

११. ऑफिसनं आग्रह धरला तर

अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या थ्री स्क्वेअर मार्केट कंपनीत २०१७ मध्ये सुमारे ५० कर्मचाऱ्यांनी चिप बसवून घेतली, स्वखुशीनं. त्याच राज्यात २००६ पासून कायदा आहे की कुणालाही जबरदस्तीनं चिप बसवता येणार नाही. कायदा असो-नसो, चिप तुमच्या पैशानं, तुमच्या मर्जीनं आणि तुमच्या दारासाठी घ्या. नोकरी सोडताना कार्ड परत करता येतं.

१२. भारतात चालते का?

कुलूप त्या जातीचं असेल तर चालते. आपल्याकडच्या बऱ्याच सोसायट्यांच्या फाटकांना १२५ किलोहर्ट्झची साधी पांढरी कार्डं असतात. पुण्यात भावाकडे गेलो तेव्हा सेक्रेटरींना विचारून त्याच्या जादा कार्डाची नक्कल माझ्या १२५ वाल्या बाजूवर उतरवली. रात्री साडेदहाला रिक्षातून उतरलो, खांबावरच्या डबीच्या कडेला मूठ टेकवली. दुसऱ्या प्रयत्नात दांडी वर गेली.

केबिनमधले काका बाहेर आले. "कार्ड कुठंय?"

मी हात दाखवला. त्यांनी तो विजेरीच्या उजेडात उलटसुलट बघितला, डबीला परत लावायला लावला, दांडी परत वर गेली. मग आत जाऊन वही आणली.

"नाव, फ्लॅट नंबर, आल्याची वेळ. आणि इथं सही."

सही उजव्या हातानं केली.